तुम्ही विचारलंत म्हणून: सेटअप दहाव्याच मशीनवर का अडतो?

जून जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. कॉलेजच्या लॅबमध्ये नवी मशीनं येऊन पडलेली असतात, पंधरा दिवसांत प्रॅक्टिकल सुरू व्हायची असतात, आणि पलीकडून कुणीतरी कावलेला लॅब असिस्टंट विचारतो, "मॅडम, आन्सर फाइल तर बरोबर आहे. मागच्या वर्षी हीच चालली होती. मग विंडोजचा सेटअप मध्येच का अडतो?"

ज्यांनी हा उद्योग केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चाळीस मशीनांवर एकेक करून विंडोज घालत बसायचं नसतं. एक मास्टर मशीन तयार करायचं, त्यावर सिस्प्रेप हे विंडोजचंच साधन चालवून त्याची स्वतःची ओळख पुसायची, त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची. मग प्रत्येक मशीन पहिल्यांदा सुरू होताना नाव, भाषा, टाइम झोन, युजर असं विचारत सुटतं. त्याची उत्तरं आधीच एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहून ठेवतात, ती आन्सर फाइल.

माझं उत्तर ठरलेलं आहे. पडद्यावर काय आलंय ते मला सांगू नका, लॉगमध्ये, म्हणजे सेटअप स्वतः नोंदी लिहून ठेवतो त्या फाइलमध्ये, काय आहे ते वाचून दाखवा. काहींना हे उर्मट वाटतं. पण पडद्यावरच्या वाक्यावर विश्वास ठेवून मी स्वतः एक अख्खा दिवस घालवलाय, म्हणून एवढं तोडून बोलते.

एका कॉलेजात पहिली नऊ मशीनं सुरळीत उभी राहिली. दहावं अडलं. कॉम्प्युटर अनपेक्षितपणे रीस्टार्ट झाला किंवा अनपेक्षित चूक आली, इन्स्टॉलेशन पुढे जाऊ शकत नाही, अशा अर्थाचा मजकूर. ओके दाबलं की रीस्टार्ट, आणि पुन्हा तेच. मी म्हटलं, हार्डवेअर. रॅम काढून दुसऱ्या मशीनची घातली, एसएसडी बदलली. तोवर अकरावंही अडलं, बारावंही. एकाच खोक्यातून आलेल्या तीन मशीनांची रॅम एकाच दुपारी कशी जाईल, हा साधा प्रश्न मला संध्याकाळी पडला.

मग शिफ्ट धरून एफ10 दाबलं. सेटअपच्या त्या पडद्यावरही आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडते, हे कित्येकांना माहीत नसतं. (काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं.) तिथून सी ड्राइव्हवर विंडोजच्या आतलं पँथर फोल्डर गाठायचं आणि नोटपॅडने सेटअपएरर लॉग उघडायचा. त्यात काही सापडलं नाही, तर पँथरमध्येच अनअटेंडजीसी नावाचं फोल्डर असतं, तिथलाही बघायचा. माझी चूक तिथे निवांत बसली होती: स्पेशलाइझ टप्पा (मशीनला स्वतःची ओळख मिळते तो), शेल-सेटअप घटक, कॉम्प्युटरचं नाव अमान्य.

नाव स्क्रिप्टने भरलं जात होतं. इंग्रजीत संस्थेची पाच अक्षरं, डॅश, मग कॉम्पलॅबची सात, पुन्हा डॅश, शेवटी क्रमांक. नवव्या मशीनपर्यंत बरोबर 15 अक्षरं. दहाव्याला 16. विंडोजला इथे 15 पर्यंतच चालतात. खरा निरोप पहिल्या खेपेला पडद्यावर आलाही होता, आन्सर फाइलच्या स्पेशलाइझ टप्प्यातली सेटिंग लागू करता येत नाही म्हणून. पण असिस्टंटने ओके दाबलं होतं, मशीन रीस्टार्ट झालं होतं, आणि मी पोचले तेव्हा उरली होती ती नुसती रीस्टार्टची तक्रार.

आन्सर फाइलचे एकूण सात टप्पे असतात. प्रत्येक ओळ आपापल्या टप्प्यात वाचली जाते, त्यामुळे "फाइल बरोबर आहे" या म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. 32 बिटच्या जमान्यातली फाइल 64 बिट इमेजला लावली, की त्या घटकांवर जुनं आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचा जुना प्रकार, लिहिलेलं असतं आणि विंडोज त्या ओळी चक्क सोडून देतं. चूक दाखवत नाही. तुम्ही भाषा लिहिलेली असते, तरी मशीन भाषा विचारत बसतं.

दुसरी तऱ्हा अशी, की फाइल सुधारली तरी चूक तीच. हे बहुतेक वेळा भुताटकी म्हणून माझ्याकडे येतं. तुम्ही पेनड्राइव्हवरची फाइल सुधारता, पण विंडोज आधी पँथर फोल्डरमध्ये बघतं, आणि तिथे जुन्या खेपेची प्रत पडलेली असते. सिस्प्रेप चालवताना फाइलचा पूर्ण पत्ता हाताने द्या, नाहीतर ती जुनी प्रत उडवा.

सिस्प्रेपच अडत असेल तर कारण मास्टर मशीनमध्ये शोधा. त्याचा लॉग वेगळा, सिस्टम32 मधल्या सिस्प्रेप फोल्डरच्या आतल्या पँथरमध्ये. दहांतले सात फोन याच ओळीचे: अमुक पॅकेज एका युजरसाठी इन्स्टॉल झालंय, पण सगळ्यांसाठी नाही. म्हणजे मास्टरला नेट जोडलेलं होतं, आणि तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरने एखादं अ‍ॅप गुपचूप अपडेट केलं. लॉगमध्ये नाव दिलेलं असतं, ते पॅकेज पॉवरशेलने (विंडोजला आज्ञा द्यायचं साधन) काढा आणि पुन्हा चालवा. पुन्हा दुसरं नाव येईल. तेही काढा. कंटाळा आला की केबल काढून नव्याने मास्टर बनवा, तेच लवकर होतं. साहेबांचा वापरातला लॅपटॉप मास्टर म्हणून तर घेऊच नका. मी व्हर्च्युअल मशीनच, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये चालणारं मशीन, वापरते, कंट्रोल-शिफ्ट-एफ3 दाबून ऑडिट मोडमध्ये (युजर न बनवता मशीन तयार करायची सोय) जाते आणि सिस्प्रेपच्या आधी चेकपॉइंट, म्हणजे परत येता येईल अशी खूण, घेते, कारण अर्धवट पडलेलं सिस्प्रेप मागे काय करून ठेवतं याचा भरवसा नाही.

बिटलॉकरचंही, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनचंही, बघा. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्याने घातलेल्या बऱ्याच मशीनांवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. तुम्ही लावलेलं नसतं, तरी सिस्प्रेप बिटलॉकर बंद करा म्हणतं. बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा.

"मग सिस्प्रेप सोडूनच देऊ, सरळ एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर क्लोन करू," असं म्हणणारेही असतात. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टचे मार्क रसिनोविच यांनी मशीनांचे एसआयडी (विंडोज प्रत्येक मशीनला देतं तो ओळख क्रमांक) सारखे असले तरी खरा त्रास होत नाही असं सांगून हा क्रमांक बदलणारं स्वतःचंच न्यूएसआयडी हे साधन मागे घेतलं, तेव्हापासून या मंडळींना जोर चढला. पण ऑगस्ट 2025 अखेरच्या अपडेटपासून विंडोज 11 च्या नव्या आवृत्त्या समोरच्या मशीनचा एसआयडी तपासू लागल्या, आणि सारख्या एसआयडीची मशीनं एकमेकांची ओळख मानेनाशी झाली. शेअर केलेलं फोल्डर उघडेना, रिमोट डेस्कटॉप लागेना. त्यावर्षीचे दिवाळीनंतरचे माझे फोन बहुतेक याच मंडळींचे होते.

त्या दहाव्या मशीनचं म्हणाल, तर मी स्क्रिप्टमधून संस्थेची पाच अक्षरं काढून टाकली आणि उरलेली एकतीस मशीनं रात्री साडेनऊपर्यंत उभी केली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा फोन. मशीनं छान चालतायत, पण नावात संस्था का दिसत नाही, हे त्यांना लेखी हवं होतं.