तुम्ही विचारलंत म्हणून: साथीला कोण?

कार्यक्रम संपतो, पियानोचं झाकण लागतं, आणि पहिल्या दोन रांगांतलं कोणीतरी पुढे येऊन विचारतं, "छान झालं हो. पण तुमच्यात मुख्य कोण आणि साथीला कोण?"

आम्ही नवरा-बायको. दोघंही जॅझ पियानो वाजवतो, तेही एकत्र. बैठकी ऐकत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. मधे गवई, एका बाजूला पेटी, एका बाजूला तबला, हे चित्र डोक्यात पक्कं असतं. इथे दोघांपुढे एकच वाद्य. माझ्या सासूबाईंनी आपल्यापुरता निकाल लावून टाकलाय. "हिचं जरा जास्त असतं," असं त्या हळदीकुंकवात सांगतात. ते कौतुक आहे की तक्रार, हे मी विचारलेलं नाही.

खरं उत्तर असं, की ते दर आठ बारांनी बदलतं. बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा गट. जॅझमधल्या पुष्कळ रचना बत्तीस बारांच्या असतात. मुखडा, परत मुखडा, मग अंतरा, मग मुखडा, असं समजा. ती चौकट डोक्यात फिरत राहते आणि तिच्यावर जे सुचेल ते वाजवायचं. पहिला मुखडा मी घेतला तर हा साथीला, अंतरा ह्यानं घेतला की मी साथीला. कधी चार-चार बारांची देवाणघेवाण चालते, आपल्या सवाल-जवाबासारखी.

अवघड आहे ते साथीला जाणं. आमच्यासोबत बेस, म्हणजे खालचे सूर धरणारं वाद्य, नाही, ड्रम नाहीत. एकट्यानं पियानो वाजवणाऱ्याला दहा बोटांत अख्खा बँड बसवायची सवय असते: डाव्या हातात बेस, मधे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, वर सुरावट. असे दोन बँड एका खोलीत बसवले की काय होतं, ते आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलं. ह्यानं फोनवर तालीम रेकॉर्ड केली आणि रात्री जेवताना लावली. विरार लोकलमध्ये दोघंजण एकाच वेळी फोनवर बोलत असावेत तसं. खालच्या सुरांचा तर नुसता चिखल. दोन डावे हात एकाच पट्ट्यात घोळ घालत होते.

तेव्हापासून नियम एकच. जो साथीला, तो खालची चाल धरणार. जो पुढे, त्याचा डावा हात शक्यतो मांडीवर. ऐकायला सोपं वाटतं. वर्षानुवर्षं कमावलेला हात मांडीवर ठेवून बघा म्हणजे कळेल.

न्यूयॉर्कचे बिल चार्लप आणि रेनी रोझनेस हेही नवरा-बायको आणि दोघंही पियानिस्ट. २०१० साली त्यांचा 'डबल पोर्ट्रेट' हा अल्बम आला, नुसत्या दोन पियानोंचा. आम्ही तो इतक्यांदा ऐकलाय, तरी कुठली ओळ कोणाची हे मी अजून छातीठोकपणे सांगू शकत नाही. हा म्हणतो, त्याला कळतं. मला संशय आहे.

अर्थात दोन पियानो मिळायला हवेत. मुंबईत एक सुरात असलेला मिळाला तरी नशीब. म्हणून बऱ्याचदा आम्ही एकाच बाकावर बसतो, मी वरच्या बाजूला, हा खालच्या. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, वीस बोटं आणि पेडल एकाच्याच पायाखाली. रिवाजानं ते खाली बसणाऱ्याकडे. म्हणजे सूर मी छेडायचा आणि तो किती वेळ घुमणार हे ह्यानं ठरवायचं. घरात जी काही खरी भांडणं होतात ती ह्या पेडलवरून. "उचल ना पाय!" हे वाक्य आमच्या शेजाऱ्यांनाही पाठ आहे.

घरचा पियानो दादरला चौथ्या मजल्यावर, भिंतीला लागून उभा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर चढतात. त्याच्या पोटात चाळीस वॉटचा एक जुना पिवळा बल्ब जळत ठेवलेला असतो, दमट हवेवर उतारा म्हणून. एलईडी आल्यापासून तसला बल्ब मिळणं मुश्कील झालंय. नवे दिवे पुरेसे तापतच नाहीत. परवा पाहुणे विचारत होते, आत देव बसवलाय का.

"हे विलायती खूळ कुठून लागलं?" हा जोडप्रश्न. विलायती म्हणायचं तर म्हणा, पण १९३०च्या दशकात टेडी वेदरफोर्ड हा अमेरिकन पियानिस्ट इथेच, ताजमध्ये वाजवत होता. त्याच ताजमध्ये पुढे बँड चालवणारे गोव्याचे चिक चॉकलेट दिवसा आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, गाण्यांत ट्रंपेट वाजवायचे. तेव्हा ते तुमच्या आजीच्याही कानावरून गेलंय.

मागच्या जुलैत उपनगरातल्या एका छोट्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. बाहेर धो धो. मी पुढे होते, हा साथीला. दुसऱ्या मुखड्यावर यायचं तर माझी बोटं थेट अंतऱ्यात शिरली, आठ बार आधी. पहिला सूर पडताक्षणी मला कळलं. परत फिरावं तर सगळ्यांना कळणार. ह्याचा डावा हात जुन्या जागी पडायला निघालेला मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला. तो हवेतच अर्धा क्षण थांबला आणि अंतऱ्याच्या सुरावर उतरला. पेडलही बरोबर उचललं गेलं. माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेत एक आजोबा मांडीवर बोटांनी बार मोजत होते. त्यांची बोटं थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

कार्यक्रमानंतर ते छत्री झटकत आले. म्हटलं, आता पकडणार.

"एक विचारू का," ते म्हणाले, "साथीला कोण होतं?"

मी ह्याच्याकडे बोट दाखवलं. आजोबांनी छत्री काखेत मारली आणि ह्याचा हात दोन्ही हातांत धरला. मला म्हणाले, "तुमचंही छान झालं हो."