सुतळीवरचा चिंचोका

भाताची मळणी उरकली, थंडी पडली की आमच्या सीमाभागातल्या बेळगाव तालुक्यात संमेलनांचे मांडव उभे राहतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, एकेका रविवारी एकेका गावाची पाळी. आमचं मंडळ लहान, 'साहित्य संमेलन' म्हणवून घ्यायला जरा बिचकणारं. पत्रिकेवर 'वार्षिक मेळावा' एवढंच छापायचं. बाकी ग्रंथदिंडी, पोरींची लेझीम, शाळेच्या पटांगणातली पंगत, सगळं तसंच. बुंदी कुणी वाढायची यावरून दरवर्षी रुसवेफुगवे, तेही तसेच.

एका साली ठरलेले कथाकथनकार आलेच नाहीत. सेक्रेटरींनी ऐन वेळी गावच्याच सरांना माईकपुढं उभं केलं. सर विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक, सुट्टीला घरी आलेले. जेवणानंतरची वेळ आणि विषय संख्याशास्त्र! मागच्या दोन रांगा सरांनी तोंड उघडायच्या आधीच आडव्या झाल्या.

सर शिकले पुण्यात, हुजूरबाजारांच्या हाताखाली. वसंत शंकर हुजूरबाजार मूळ कोल्हापूरचे. पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग 1953 साली त्यांनी उभा केला आणि 1960 साली केंब्रिजचं अ‍ॅडम्स पारितोषिक मिळवलं. गुरूचं नाव निघालं की सर बसल्या जागी सावरून बसत. मात्र सरांचं स्वतःचं संशोधन त्या गहन गणितातलं नव्हे, नमुना पाहणीतलं, म्हणजे थोडं पीक कापून-मोजून सगळ्याचा अंदाज कसा बांधायचा त्यातलं. शेतकऱ्याचं पोर, शेवटी शेतातच यायचं!

त्या दुपारी त्यांनी भाषण केलंच नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातून टोपलीभर चिंचोके मागवले आणि सतरंजीवर पसरले. सुतळीचा एक वीतभर चौकोन मांडला, दुसरा चार विती लांब-रुंद. "मोजा रे." आम्ही पोरं पालथी पडून मोजायला लागलो. लहान चौकोनात 11. मोठा सोळा पट, म्हणजे हिशेबानं 176 भरायला हवेत. भरले 145.

"31 चिंचोके गेले कुठं?"

कुठं जाणार? सुतळीखाली अर्धा आलेला प्रत्येक चिंचोका आम्ही आतच धरला होता. लहान चौकोनाला आतल्या जागेच्या मानानं कडा जास्त, म्हणून फुगवटाही जास्त. मग सरांनी पांडुरंग सुखात्म्यांची गोष्ट सांगितली. साताऱ्याकडच्या बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ. दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, त्यांची मंडळी बंगालात लहान लहान तुकडे कापून पिकाचा अंदाज बांधत होती. सुखात्म्यांनी 1946 साली दाखवून दिलं की तुकडा लहान असला की उतारा जास्त दिसतो, कारण कापणारा माणूस कडेवरचं रोप आत ओढतो. लबाडी नव्हे, हाताची सवय. पीक कापणी प्रयोगात तुकडा बऱ्यापैकी मोठा का घ्यायचा, ते मला तिथं सतरंजीवर कळलं; पुढं कॉलेजात तीच गोष्ट सूत्रात आली तेव्हा उगीच अवघड वाटली.

खांबाला टेकलेले एक म्हातारे शेतकरी जागे झाले होते. "काय गा, मग कडंवरचं रोप मोजायचं कुणाकडं?"

"काका, 1956 पासनं आपण तेच तर विचारतोय की!"

मांडवात असा हशा पिकला की आडव्या रांगा उठून बसल्या आणि शेजाऱ्याला विचारू लागल्या, काय झालं म्हणून.

पुढं सर दरवर्षी येत राहिले. पत्रिकेत नाव असो नसो, दुपारच्या सत्रात सतरंजी त्यांची. कधी फासे, कधी मतदानाचा अंदाज, एकदा तर बुंदीचा लाडू घेऊन 'एका लाडवात कळ्या किती' असा प्रश्न टाकला. पोरांनी मोजता मोजता नमुनाच खाऊन टाकला. आम्ही चिंचोक्यांचा प्रयोग पुन्हा करा म्हणून मागं लागायचो, तेव्हा ते "उत्तर ठाऊक असलेला प्रयोग कशाला?" म्हणून उडवून लावत.

ती सुतळी मी आठवण म्हणून शाळेच्या कपाटात ठेवली होती. पुढच्या मेळाव्याला शोधायला गेलो, तर पोरींनी लेझमांचं बोचकं बांधायला नेलेली.