मोटर बदलण्याआधी पॉवर विंडोची वायरिंग तपासा

पॉवर विंडोची काच हलेनाशी झाली की 'मोटर गेली' हे निदान दरवाजा उघडायच्या आधीच होतं. मोटर महाग असते, बदलायला अर्धा दिवस जातो, आणि पुष्कळदा नवी मोटर बसवूनही काच जागची हलत नाही. कारण दोष स्विचच्या काँटॅक्टमध्ये असतो, नाहीतर बिजागरीपाशी तुटलेल्या तारेत. हे ओळखायला भारी उपकरणं लागत नाहीत, पण सर्किट कसं चालतं ते मात्र नीट कळलेलं हवं.

खाली लिहिलंय ते साध्या वायरिंगबद्दल आहे. म्हणजे मोटरला दोनच तारा आणि मोटरचा सगळा करंट स्विचमधूनच जातो, अशा गाड्यांबद्दल. ज्या गाड्यांत स्विच फक्त सिग्नल देतो आणि मोटर चालवायचं काम मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) करतं, तिथे दोष वाचणारा स्कॅनर लावावा. खालचे ठोकताळे तिथे चालणार नाहीत.

साध्या सर्किटमध्ये स्विच दाबलेला नसताना मोटरच्या दोन्ही तारा अर्थला (बॅटरीच्या मायनसला, म्हणजेच गाडीच्या बॉडीला) जोडलेल्या असतात. 'वर' दाबलं की एका तारेला 12 व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थलाच राहते. 'खाली' दाबलं की उलट. मोटरच्या बॉडीला अर्थ नसते. करंट परतही स्विचमधूनच जातो. प्रवाशाच्या बाजूच्या स्विचला पाच पिना असतात: एक सप्लाय, दोन मोटरकडे, आणि दोन ड्रायव्हरच्या दारातल्या मास्टर स्विचकडून आलेल्या. म्हणजे प्रवाशाच्या काचेला अर्थ मिळते ती मास्टर स्विचमधून. डावीकडची काच डावीकडच्या स्विचने चालत नसेल तरी दोष उजव्या दारात असू शकतो, तो यामुळेच. बऱ्याच चुकीच्या दुरुस्त्या एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने होतात.

आता दाराचं आतलं पॅड न उघडता लक्षणं पाहा. चारही काचा चालत नसतील तर आधी फ्यूज (बहुतेक 20 ते 30 अँपिअरचा), मग रिले, मग मास्टर स्विचची अर्थ. मागच्या काचा फक्त ड्रायव्हरकडून चालत असतील तर विंडो लॉकचं बटण दाबलेलं नाही ना ते बघा. हसू नका, याच कारणासाठी स्विच बदलले गेले आहेत.

काच एकाच दिशेला चालत असेल तर मोटर आणि तिच्या दोन तारा निर्दोष समजा. दोन्ही दिशांना त्याच दोन तारा लागतात, त्यामुळे एक जरी तुटली असती तर काच कुठेच गेली नसती. अपवाद एकच: काच खाली झरकन जाते आणि वर येताना कण्हते. तेव्हा बहुतेक वायरिंगचा नव्हे, तर सुकलेल्या रबराचा किंवा वाकलेल्या रेग्युलेटरचा (काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा) प्रश्न असतो.

प्रवाशाची काच स्वतःच्या स्विचने एकाच दिशेला जाते आणि मास्टरवरून मात्र कोणत्याच दिशेला नाही, हे लक्षण फार बोलकं आहे. मास्टरपासून प्रवाशाच्या स्विचपर्यंतच्या दोन तारांपैकी एक तुटलेली आहे. मास्टरला काच हलवायला त्या दोन्ही लागतात. प्रवाशाच्या स्विचला एका वेळी एकच लागते, तीही अर्थसाठी. दोन्ही स्विचनी काच अजिबात हलत नसेल, तेव्हा मात्र मोटर आणि तिच्या दोन तारा तपासायच्या.

मोजमाप मोटरच्या कपलरपासून (तारा जोडणाऱ्या प्लगपासून) सुरू करा. इग्निशन बंद, विंडो लॉक मोकळं, कपलर काढलेला. हार्नेसकडच्या (गाडीच्या वायरिंगकडच्या) दोन्ही पिना आणि गाडीची बॉडी यांच्यात मल्टिमीटर ओहमवर लावा. दोन्हीकडे एक ओहमच्या आत यायला हवं. एकीकडे मीटरने जोडणीच दाखवली नाही तर तीच लाइन तुटलेली, किंवा त्या बाजूचा स्विचचा काँटॅक्ट जळलेला.

कपलर काढून व्होल्टेज बघताना मात्र मीटरवर विसंबू नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, पण मोटर त्यावर चालत नाही. त्यापेक्षा इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन तारा जोडा आणि कपलरच्या दोन पिनांमध्ये लावा. इग्निशन चालू करून स्विच दोन्ही दिशांना दाबा. दोन्ही वेळा बल्ब लख्ख पेटला तर वायरिंगवरचा संशय बराच कमी होतो, मोटर बघा. मिणमिणला तर कुठेतरी विरोध आहे. मग कपलर परत जोडा, मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं मोटरच्या सप्लाय तारेवर लावा, आणि स्विच दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तोटा सप्लायच्या बाजूला आहे. तसंच मायनसच्या बाजूनेही करा.

तार तुटते ती बहुतेक एकाच जागी: दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीत. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा तिथे वळते, म्हणून ड्रायव्हरच्या दाराला हा त्रास आधी होतो. बाहेरचं कव्हर शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं असतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. नळी मागे सरकवून एकेक तार हलकेच ओढा. तुटलेल्या जागी कव्हर रबरासारखं ताणलं जातं. तिथेच पीळ देऊन टेप गुंडाळू नका, काही महिन्यांत पुन्हा तुटेल. बारीक धाग्यांची 1.5 चौरस मिलिमीटरची ऑटो वायर घेऊन नवा तुकडा इतका लांब घाला की दोन्ही जोड वळणाच्या बाहेर पडतील. सोल्डरने तार ताठ होते, म्हणून वळणात सोल्डर नकोच. जोड शेजारीशेजारी न ठेवता मागेपुढे ठेवा आणि प्रत्येकावर हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवा.

स्विच जळतो तो मुख्यतः सवयीने. काच वर टेकल्यावरही बोट दाबून ठेवलं की अडलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते, आणि बोट उचलताना काँटॅक्टवर ठिणगी पडते. टोल नाक्यावर पावसात काच उघडी ठेवली की पाणी थेट आर्मरेस्टवरच्या स्विचवर येतं. किनारपट्टीवर त्यात खारी हवा भर घालते आणि पिनांवर हिरवी पूड दिसते. स्विच उघडताना आतल्या स्प्रिंगा उडतात, म्हणून पिशवीत हात घालून उघडा. काळे डाग बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढा, काँटॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या. तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ बसते. तांब्यात खड्डा पडला असेल तर घासत बसू नका, स्विच बदला.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज टाकून विषय मिटवू नका. तार जळेल, फ्यूज टिकेल. काच लागोपाठ वरखाली केल्यावर थांबते आणि काही मिनिटांनी आपोआप चालू होते, तो मोटरमधला थर्मल कटआउट (मोटर तापली की करंट तोडणारा भाग) आहे. तेव्हा वायरिंग उपसण्याआधी काचेचे रबर तपासा.

मोटर काढायची वेळ आलीच तर आधी काच वर धरून चौकटीला भक्कम टेपने चिकटवा, नाहीतर ती दारात कोसळते. डोअर पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा जसाच्या तसा परत चिकटवा. तो फाटका सोडला की पावसाचं पाणी आत झिरपतं आणि कपलर पुन्हा गंजतात. काम करताना बॅटरीची तार काढली असेल आणि गाडीला ऑटो-अप (एकदा दाबल्यावर काच आपोआप पूर्ण वर जाण्याची सोय) असेल, तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवल्यावर बहुतेक गाड्यांत ते पुन्हा शिकतं. नेमकी पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.