१:७२ लँकेस्टर: बॉम्ब बे उघडाच ठेवणार

ॲव्हरो लँकेस्टर ह्या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाच्या १/७२ आकाराच्या मॉडेलचं फ्युजलाज (धड) अजून चिकटवलेलं नाही, पण आतलं काम संपत आलंय आणि एक निर्णय पक्का झालाय. बॉम्ब बेचे, म्हणजे पोटातल्या बॉम्बच्या कप्प्याचे, दरवाजे उघडे ठेवायचे. बंद दरवाज्यांनी खालची रेषा सुरेख दिसते हे मान्य, पण हे विमान कशासाठी होतं ते त्याच्या पोटात पाहिल्याशिवाय कळत नाही.

खऱ्या विमानात हा बे ३३ फूट लांब आहे आणि मध्ये एकही आडवी भिंत नाही. आपल्या स्केलला तो १४ सेंटिमीटर भरतो. बाकीचं विमान जणू ह्या पोकळीभोवती रचलंय. पंखाचे स्पार (पंख पेलणाऱ्या तुळया) तिच्या वरून, माणसांच्या जागेतून आडवे जातात. मागच्या दारातून कॉकपिटकडे जाणाऱ्याला जाड उड्डाणवेशात ते ओलांडावे लागत. किटमधले स्पार जरा जाडच होते, कडा सँड करून पातळ केल्या.

नाकाच्या तळाशी सुटकेची झडप असते. किटमध्ये तिची नुसती कोरलेली रेघ आहे. मी कापून ती मोकळी केली. रुंदी २२ इंच, म्हणजे इथे जेमतेम ७.८ मिलिमीटर. हॅलिफॅक्स ह्या त्याच काळातल्या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाची २४ इंच होती. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले फ्रीमन डायसन तेव्हा बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेच्या, संशोधन विभागात होते. पाडल्या गेलेल्या लँकेस्टरमधून हॅलिफॅक्सच्या मानाने फार कमी माणसं जिवंत सुटतात, हे तिथल्या आकड्यांतून दिसलं आणि बोट ह्या झडपेकडे गेलं. पॅराशूट बांधून एवढ्याशा भोकातून, अंधारात, गरगरणाऱ्या विमानातून बाहेर पडायचं. ही झडप मी नीट दिसेल अशीच ठेवणार आहे.

आता भार. जर्मन धरणांवरच्या मोहिमेचं मॉडेल (१६-१७ मे १९४३, १९ विमानं गेली, ८ परतली नाहीत) बरेच जण करतात. मला जर्मन शहरांवर रात्रीमागून रात्री नेला जाणारा नेहमीचा भार हवा होता: ४,००० पौंडांचा एक ‘कुकी’ आणि आगलाव्या बॉम्बच्या १२ पेट्या. कुकी म्हणजे पातळ पत्र्याचं पिंप, वजनाचा बहुतेक भाग स्फोटकांचाच. व्यास ३० इंच, म्हणून १०.५ मिलिमीटरची प्लॅस्टिक नळी बरोबर बसली. पेट्या पट्ट्यांपासून बनवल्या. एका पेटीत ४ पौंडांचे २३६ बॉम्ब, म्हणजे एका विमानात २,८३२.

ह्या जोडीमागे हिशेब होता. कुकीच्या हादऱ्याने छपरं उडायची, खिडक्या फुटायच्या. मग आगलावे बॉम्ब उघड्या पडलेल्या लाकडावर पडायचे. ब्रिटिश बॉम्बफेकीची अचूकता तपासणाऱ्या ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालात दिसलं होतं की लक्ष्यावर हल्ला केल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी साधारण एक-तृतीयांशच ५ मैलांच्या आत पोहोचली होती. रात्री कारखाना सापडत नाही, शहर सापडतं. बॉम्बर कमांडला मिळालेल्या फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शहरं आणि तिथल्या कामगारांचं मनोधैर्य हेच लक्ष्य झालं. २७-२८ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गमध्ये अग्निवादळ उठलं, हजारो नागरिक मेले. आपण ह्या विमानांवर प्रेम करतो, तर त्यांनी काय वाहून नेलं तेही मॉडेलमध्ये दिसायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रंगाबद्दल थोडक्यात. खालच्या बाजूला शुद्ध काळा मारू नका, सगळा तपशील गिळला जातो. काळ्यात थोडा गडद राखाडी मिसळा. एक्झॉस्टचे डाग पंखांवर मागे लांबवर जातात, ते पातळ थरांनी चढवा.

डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) निवडणं बाकी आहे. लंडनच्या संग्रहालयातल्या आर ५८६८ क्रमांकाच्या लँकेस्टरने १३७ मोहिमा केल्या, तिच्या नाकावरच्या बॉम्बच्या रांगा (दर मोहिमेमागे एक चित्र) रंगवायला मजा येईल. पण बनलेल्या ७,३७७ लँकेस्टरपैकी तीन हजारांहून अधिक मोहिमांवर गमावल्या गेल्या. म्हणून मी नाकावर मोजकेच बॉम्ब असलेलं विमान करणार. ती एकच अपुरी रांग डेकल न वापरता ब्रशने रंगवायची आहे. त्यासाठी मास्क (रंगवताना आजूबाजूचा भाग झाकणारे साचे) कापायला घेतलेत.