मस्टरपासून पुल रिक्वेस्टपर्यंत : काम मोजण्याची आमची वाटचाल

२०१४ साली कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही तिघांनी काम सुरू केलं. पतसंस्थांसाठी खातेवहीचं सॉफ्टवेअर आणि शिरोलीच्या फाउंड्रींसाठी कास्टिंग रिजेक्शनची, म्हणजे सदोष निघालेल्या ओतीव भागांची नोंद, एवढाच पसारा. दारापाशी मस्टर असायचं, सकाळी सही केली की झालं. कोण कशात अडकलाय हे समोरच्या खुर्चीकडे पाहूनच कळायचं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि आम्ही अकरा जण गडहिंग्लजपासून सावंतवाडीपर्यंत विखुरलो. त्याच सुमारास तासावर पैसे देणारा परदेशी क्लायंट मिळाला. त्याच्या आग्रहाखातर आम्ही एक प्रणाली बसवली. ती दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घ्यायची आणि कीबोर्ड-माउसच्या हालचालीवरून टक्केवारी काढायची. त्या काळात काम मिळणं महत्त्वाचं होतं, म्हणून मी फार विचार केला नाही. दोन महिन्यांनी टीममधली एक मुलगी फोनवर म्हणाली, “सर, डॉक्युमेंट वाचताना मी मध्येमध्ये माउस हलवत बसते. लक्ष वाचण्यात राहतच नाही.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, थकवा होता. त्याच आठवड्यात मी क्लायंटशी बोललो : फोटोंऐवजी दर शुक्रवारी चालू बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची तोवर तयार झालेली आवृत्ती दाखवू, तुम्ही स्वतः वापरून पाहा. त्याने मान्य केलं. तो आजही आमच्याकडे आहे.

पण मोजमाप सोडून देणं परवडणारं नव्हतं. आमचे अंदाज सतत चुकत होते आणि त्याचा फटका पगाराच्या तारखेला बसत होता. म्हणून ज्यांची तयारी होती अशा पाच जणांनी महिनाभर वेळ नोंदवणारी तीन साधनं शेजारी शेजारी वापरून पाहिली.

टॉगल ट्रॅकमध्ये काम सुरू करताना घड्याळ चालू करायचं, संपल्यावर बंद. विसरलं की नोंद गेली. तरी कुठल्या कामाला किती वेळ गेला हे माणूस स्वतः सांगतो, हा त्याचा मोठा गुण. वाकाटाइम हे एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये, बसणारं प्लगइन (जोड-प्रोग्राम). तुम्ही फाइल सेव्ह केलीत, दुसरी उघडलीत किंवा टाइप करताना दोन मिनिटं उलटली की ते सर्व्हरला एक ‘हार्टबीट’ पाठवतं : फाइलचं नाव, प्रोजेक्ट, प्रोग्रामिंगची भाषा, ब्रँच (कोडची कुठली शाखा). कोडचा मजकूर जात नाही. दोन हार्टबीटमधलं अंतर ठरावीक मर्यादेत असेल तर मधला वेळ कामात धरला जातो, ही मर्यादा मुळात पंधरा मिनिटांची असते. नोंदी बाहेरच्या सर्व्हरवर नको असतील तर वाकापी नावाचा मुक्तस्रोत पर्याय स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो, प्लगइन तेच राहतं. आम्ही पुढे तेच केलं. तिसरं ॲक्टिव्हिटीवॉच. कुठली विंडो समोर होती आणि तुम्ही जागेवर होतात का, एवढं ते पाहतं, आणि सगळी नोंद तुमच्याच संगणकावर ठेवतं.

कोणतं साधन कशाला आंधळं आहे, हे मला एका मार्चअखेरीने शिकवलं. एका पतसंस्थेच्या आवर्त ठेवींच्या व्याजात काही पैशांचा फरक येत होता. आमची सर्वात अनुभवी सहकारी दिवसभर तिथल्या व्यवस्थापकांशी फोनवर होती, डेटाबेसमध्ये एकेक खातं तपासत होती, कागदावर आकडेमोड करत होती. शेवटी राउंडिंगची (रक्कम पूर्णांकात आणण्याची) कोडमधली एक ओळ बदलली आणि ताळा जुळला. एडिटरमधला वेळ : चाळीस मिनिटं. आकडा बरोबर होता, मी तो चुकीचा वाचला. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, “काल काम कमी झालं का?” तिने काही न बोलता ॲक्टिव्हिटीवॉचचा दिवस उघडून दाखवला. सात तास डेटाबेस आणि कॉल. मी माफी मागितली आणि त्याच संध्याकाळी नियम केला : एकेकट्याच्या नोंदी फक्त त्याने स्वतः पाहायच्या. मला हव्या असतील तर त्याने आपणहून दाखवाव्यात. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगतो.

मग मी पाहायचं काय? इथे सॉफ्टवेअर टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या ‘डोरा’ संशोधनातली चार मोजमापं कामी आली : किती वेळा डिप्लॉय होतं (नवा कोड ग्राहकाकडे चालू होतो), बदल कमिटपासून (कोडमध्ये त्याची नोंद झाल्यापासून) प्रत्यक्ष वापरात यायला किती वेळ लागतो, त्यातले किती बदल बिघडतात, बिघाड दुरुस्त व्हायला किती वेळ जातो. यात माणसाचं नाव कुठेच नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधूनच तारखा काढल्या. कोड दोन दिवसांत लिहून होत होता आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो कोड तपासून मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती, पुढचे चार-पाच दिवस पडून राहत होती, कारण मंजुरी फक्त मी द्यायचो आणि मी क्लायंटकडे फिरत असायचो. इतकी वर्षं आम्ही टायपिंगचा वेग शोधत होतो आणि काम माझ्या दारात थांबलेलं होतं. आता कोणताही सहकारी रिव्ह्यू, म्हणजे ही तपासणी, करू शकतो, आणि दुपारच्या जेवणाआधी थांबलेले रिव्ह्यू संपवल्याशिवाय नवं काम हाती घेत नाही. पूर्वी महिन्यातून एकदा होणारं डिप्लॉय आता दर गुरुवारी होतं.

टॉगल मात्र अंदाजासाठी ठेवलं, आणि त्याने आमचं दरपत्रकच बदललं. पासबुक छपाईला आम्ही नेहमी दोन दिवस धरायचो. नोंदी पाहिल्या तर प्रत्येक पतसंस्थेत सहा दिवस गेले होते. प्रिंटर वेगळा, पासबुकाचं पान वेगळं, मधल्या शिवणीवर ओळ येऊ नये म्हणून सोडायची जागा वेगळी. आता पासबुक छपाई दरपत्रकात स्वतंत्र ओळीत लावतो, आणि एकाही पतसंस्थेने त्यावर हरकत घेतलेली नाही.

सध्या अडलंय ते सपोर्टच्या फोनपाशी. शाखेतून “दिवस बंद होत नाहीये”, म्हणजे दिवसाचे व्यवहार सॉफ्टवेअरमध्ये बंद करता येत नाहीयेत, असा फोन आला की हातातलं काम तुटतं, आणि ते पुन्हा जुळवायला लागणारा वेळ तिन्ही साधनांपैकी एकातही नीट दिसत नाही. या महिन्यापासून फोन घ्यायची पाळी लावली आहे : एका दिवशी एकच जण, बाकीच्यांचे फोन बंद.