नक्कल झाली, तारखा राहिल्या

मी ऐरोलीला राहतो आणि हिवाळा सुरू झाला की आठवड्यातून एक-दोनदा पहाटे खाडीकडे जाऊन तिथल्या पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करतो. रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो काढणारे पुष्कळ आहेत. त्यांचा घोगरा, बदकांच्या जातीचा कलकलाट साठवणारे मात्र मला फारसे भेटलेले नाहीत. माझा रेकॉर्डर जुना आहे. तो फाइलींना केवळ चढते क्रमांक देतो, आणि कॅमेरा जशी फोटोच्या पोटातच तारीख लिहून ठेवतो तशी सोय त्याच्या वेव्ह फाइलींत नाही. त्यामुळे कोणता आवाज कोणत्या दिवसाचा हे सांगणारी एकच खूण उरते, ती म्हणजे फाइलीत शेवटचा बदल केव्हा झाला याची डिस्कवर होणारी नोंद.

घणसोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी एक लिनक्स प्रणाली, बसवून दिली, आणि २३ फेब्रुवारीच्या रविवारी मी सात हंगामांचा संग्रह, सुमारे ३१० जीबी, जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या डिस्कवर नेण्यास बसलो. माउसने ओढून टाकण्याऐवजी टर्मिनलमधूनच, म्हणजे कमांड टाइप करूनच, हे काम करावे, अशी नव्याने शिकलेल्या माणसाची हौस होती. (कमांड रोमन लिपीतच टाइप कराव्या लागतात, इथे वाचण्याच्या सोयीसाठी त्या देवनागरीत लिहिल्या आहेत.) मी ‘सीपी -आर’ (फोल्डरची आतल्या सगळ्यासकट नक्कल करण्याची कमांड) लिहून पुढे जुन्या आणि नव्या फोल्डरचे नाव दिले. दीड तासाने एक अक्षरही न बोलता पुढची ओळ उघडली. युनिक्स या जुन्या प्रणालीच्या घराण्यात, ज्यात लिनक्सही येते, काम बिनबोभाट पार पडले की कमांड गप्प राहते, तक्रार असेल तरच बोलते, हे मला सांगितलेले होते. म्हणून मी निश्चिंत झालो.

संध्याकाळी भाचा आला, त्याने नव्या डिस्कवरची यादी उघडली आणि विचारले, “मामा, सात वर्षांतले सगळे पक्षी तुम्ही आजच्या एका दुपारी रेकॉर्ड केलेत का?”

प्रत्येक फाइलीवर त्याच रविवारची तारीख होती.

यात ‘सीपी’ची चूक नाही, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला. ही कमांड १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही आहे, आणि तिचे मूळ काम तेव्हापासून तेच आहे: मूळ फाइल उघडायची, नवी फाइल तयार करायची, आणि एकीतला मजकूर तुकड्यातुकड्यांनी वाचून दुसरीत लिहायचा. नवी फाइल खरोखरच त्या दुपारी लिहिली गेली होती, म्हणून तिच्यावर त्या दुपारची वेळ पडली. मला फसवले ते विंडोजच्या सवयीने. तिथे फाइलीची नक्कल केली तर ‘तयार केल्याची’ तारीख नवी पडते, पण ‘बदल केल्याची’ तारीख मूळ फाइलीचीच राहते. इतकी वर्षे ती आपोआप राहत असल्यामुळे, ती मागून घ्यावी लागते ही शक्यताच माझ्या मनात आली नाही.

मागून घेण्याची पद्धत एका अक्षराची आहे. ‘-पी’ दिला तर परवानग्या, मालकी आणि वेळा जपल्या जातात. मालकी जपण्यासाठी मात्र बहुधा प्रशासकाचे अधिकार लागतात. लिनक्सवरच्या ‘सीपी’ला ‘-ए’ दिला तर फोल्डरच्या आतले फोल्डरही येतात, जपण्यासारखे जे जे आहे ते जपले जाते, आणि फाइलींकडे बोट दाखवणारे दुवे दुवे म्हणूनच राहतात. संग्रह हलवायचा असेल तर ‘-आर’ विसरून ‘-ए’चीच सवय लावावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

सुदैवाने जुनी डिस्क शाबूत होती. भाच्याने पुन्हा दीड तास घालवू दिला नाही. त्याने ‘सीपी -ए’ला ‘--ॲट्रिब्यूट्स-ओन्ली’ हा पर्याय जोडला. यात मजकुराला हात न लावता केवळ तारखा आणि इतर गुणधर्म उतरवले जातात. काही क्षणांत २३ फेब्रुवारीची साथ ओसरली.

हे करताना त्याने मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ आणि एक टिंब दिले, आणि त्या टिंबामागे ‘सीपी’चा एक स्वभाव आहे, जो समजून घेतल्याशिवाय मोठी नक्कल करू नये. ज्या फोल्डरमध्ये नक्कल करायची तो आधीपासून अस्तित्वात नसेल, तर ‘सीपी’ त्या नावाचा फोल्डर तयार करून त्यात मजकूर ओतते. पण तो आधीच असेल, तर मूळ फोल्डर त्याच्या पोटात जसाच्या तसा जाऊन बसतो. म्हणजे तीच कमांड दोनदा चालवली तर दुसऱ्या वेळी ‘खाडी’च्या आत आणखी एक ‘खाडी’ तयार होते आणि अर्धी डिस्क विनाकारण भरते. टिंबाचा अर्थ ‘हा फोल्डर नव्हे, याच्या आत जे आहे ते’ असा असल्यामुळे दोन्ही वेळा एकच परिणाम मिळतो. टिंबाऐवजी तारा (*) देणारेही बरेच आहेत, परंतु नावाची सुरुवात टिंबाने होणाऱ्या लपलेल्या फाइली ताऱ्याच्या कक्षेत येत नाहीत आणि मागेच राहतात.

अस्तित्वात असणे आणि नसणे याची मराठीत एक खास गंमत आहे, आणि तिने मला दोन दिवस छळले. माझ्याकडे ‘दुसऱ्या फेरीतले आवाज’ असा फोल्डर होता. त्यात दुसऱ्या एका फोल्डरमधल्या नव्या फाइली याच टिंबाच्या पद्धतीने घालण्यासाठी मी ते नाव टर्मिनलमध्ये हाताने लिहिले, अवतरणचिन्हेही विसरलो नाही (ती नसतील तर मधल्या मोकळ्या जागांमुळे एका नावाची तीन नावे होतात), आणि तरीही यादीत त्याच नावाचे दोन फोल्डर दिसू लागले. एका ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत, म्हणून मी आधी डिस्कलाच दोष दिला. खरे कारण आपल्या अर्ध्या ‘र’मध्ये होते. ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असा लिहिता येतो, तसाच तो साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’ असाही लिहिला जातो. फोनच्या कीबोर्डने एक पद्धत वापरली होती, लॅपटॉपच्या कीबोर्डने दुसरी. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण ‘सीपी’ अक्षरांचे रूप पाहत नाही, त्यांच्यामागचे बाइट, म्हणजे साठवलेले आकडे, पाहते, आणि त्या हिशेबाने मी सांगितलेला फोल्डर अस्तित्वातच नव्हता. तिने तो निमूटपणे तयार केला. तेव्हापासून मी मराठी नाव पूर्ण लिहीत नाही. पहिली दोन अक्षरे लिहून टॅब दाबतो आणि डिस्कवर जे नाव असेल ते यंत्रालाच पूर्ण करू देतो.

बाइटचाच दुसरा फटका नावाच्या लांबीत बसला. नव्या डिस्कवर ईएक्सटी४ ही फाइलव्यवस्था (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) आहे आणि तिच्यात एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, पण यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘ऐरोली’ डोळ्यांना तीन अक्षरांची दिसते, डिस्कवर मात्र ती पंधरा बाइटांची जागा घेते. म्हणजे एका नावात अशी जेमतेम ८५ चिन्हे मावतात. मी हौसेने एका फाइलीला ‘ऐरोली खाडी, ओहोटी, पहाटे साडेपाच, रोहित पक्ष्यांचा मोठा थवा, मागे तिवरांमध्ये खंड्या आणि लांब पुलावरचा आवाज’ असे नाव दिले होते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलव्यवस्थेत मर्यादा २५५ असली तरी ती वेगळ्या एककात मोजली जाते, ज्यात देवनागरीचे एक चिन्ह एकच भरते. म्हणून तिथे हे नाव सुखाने नांदले. ‘सीपी’ने मात्र ‘नाव फार लांब आहे’ असे सांगून ती फाइल गाळली आणि पुढे गेली. त्या रविवारी ती गप्प राहिली, कारण तेव्हा या फाइलीला मी हे नाव दिलेले नव्हते. आता तपशील वहीत लिहितो.

पुढच्या वेळी मोठ्या नकलेसाठी ‘आरसिंक’ वापरा, असा भाच्याचा आग्रह आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातून जाहीर केलेले हे साधन, मध्येच वीज गेली किंवा केबल सुटली तर पुन्हा चालवल्यावर आधी उतरलेल्या फाइली वगळून उरलेल्याच घेते. उतरलेली फाइल ओळखण्यासाठी ते साधारणपणे तिचा आकार आणि बदलाची तारीख एवढेच ताडून पाहते. तारखा हरवलेल्या संग्रहावर ते चालवले असते तर त्याने सगळ्या ३१० जीबी पुन्हा उतरवल्या असत्या. इथेही तिरप्या रेघेचा नियम आहे, आणि तो ‘सीपी’पेक्षा वेगळा असल्यामुळे गोंधळ होतो: मूळ फोल्डरच्या नावाअखेर रेघ असेल तर केवळ आतला मजकूर जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो. ‘-एन’ लावून आधी कोरडी तालीम करता येते. मी ती प्रत्येक वेळी करतो.

कमांड परत आली म्हणजे सगळे डिस्कवर पोहोचले असेही नाही; बराच मजकूर काही काळ मेमरीतच थांबलेला असतो. म्हणून डिस्क काढण्यापूर्वी ‘सिंक’ ही कमांड (ती हा थांबलेला मजकूर डिस्कवर उतरवते) चालवून डिस्क रीतसर विलग करावी, आणि पुन्हा जोडून मगच पडताळणी करावी, नाही तर पडताळणीसाठी मेमरीतलीच प्रत वाचली जाण्याची शक्यता राहते. मी जुन्या डिस्कवर ‘शा२५६सम’ने प्रत्येक फाइलीची खूण काढून यादी केली आणि तीच यादी ‘-सी’ देऊन नव्या डिस्कवर तपासली. सगळ्या खुणा जुळल्या. मात्र ही खूण केवळ मजकुराची असते. तारखा पूर्ण चुकलेल्या त्या रविवारीही ती निर्दोष जुळली असती.

अकरा फाइलींच्या तारखा मात्र परत मिळाल्या नाहीत. त्या फाइली मी त्याच रविवारी सकाळी मेमरी कार्डावरून साध्या ‘सीपी’ने थेट नव्या डिस्कवर घेतल्या होत्या आणि लगेच कार्ड फॉरमॅट केले होते. त्यांच्या आधीच्या क्रमांकाची फाइल ९ फेब्रुवारीची आहे, म्हणून या अकरा त्यानंतरच्या दोन आठवड्यांतल्या, एवढेच ठरवता येते. वहीत त्यांच्यापुढे मी तसेच लिहून ठेवले आहे.