काँकॉर्डचा ब्लॅक बॉक्स आणि घरी बसलेल्या बायका

शुक्रवार, रात्री उशिरा

काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग इंग्लंडमधल्या काही बायकांनी आपापल्या घरी बसून केलं होतं. आवाजापेक्षा वेगानं उडणारं विमान, आणि त्याचा कोड लिहिला जातोय स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शेजारी पोराची दुधाची बाटली. (टेबल आणि बाटली माझ्या मनातली. बाकी खरं.)

या बायकांना काम देणारी बाई म्हणजे स्टेफनी शर्ली. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या, ९१ वर्षांच्या होत्या. आज जेवणं आटोपल्यावर त्यांच्याबद्दल वाचायला घेतलं आणि झोपच उडाली.

१९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर त्यांनी 'फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स' नावाची कंपनी काढली. तेव्हा सॉफ्टवेअर मशीनबरोबर फुकट मिळायचं, त्यामुळे लोक हसले. लग्न झालं, मूल झालं म्हणून नोकरी सुटलेल्या शिकलेल्या बायका त्यांनी हेरल्या. अर्ज करणारीला विचारायच्या, "तुम्हाला टेलिफोन वापरायला मिळेल का?" काँप्युटर आहे का, हा प्रश्नच नव्हता. तो कुणाच्याच घरी नव्हता आणि लागतही नव्हता. पेन्सिलीनं कागदावर फ्लोचार्ट काढायचे, मग कोड लिहायचा, बहुतेकदा थेट मशीन कोड (म्हणजे यंत्राला थेट कळणारे आकडेच), आणि कागद पोस्टानं पाठवून द्यायचे. तिकडे ते कागदी टेपवर किंवा कार्डांवर भोकं पाडून पंच व्हायचे, पडताळणीसाठी पुन्हा एकदा पंच व्हायचे, आणि एवढं सगळं झाल्यावर काँप्युटरची गाठ पडायची. मशीन इतकं दूर होतं म्हणूनच हे काम घरात शिरू शकलं.

सगळे सांगतात तो किस्सा 'स्टीव्ह'चा. स्टेफनी नावानं पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा नवऱ्यानं सुचवलं की घरचं लाडाचं नाव लिहून बघ. सही 'स्टीव्ह शर्ली' अशी झाली आणि भेटीची बोलावणी येऊ लागली. फोन वाजला की मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायच्या, बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. किस्से झकासच आहेत. पण मला विचाराल तर बाईंची खरी अक्कल दिसते ती पैशाच्या बोलणीत. त्यांनी तास विकलेच नाहीत. कामाची एक ठरलेली किंमत सांगायची आणि वेळेत काम द्यायचं. मग ते दुपारी पोर झोपल्यावर केलंय की पहाटे चारला, हे गिऱ्हाइकानं विचारायचं कारणच उरत नाही.

हे वाचताना मला माझी टाइमशीट आठवली आणि जरा रागच आला. मीही घरूनच काम करते. गेल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, "मॅडम, दुपारी दोन ते चार तुम्ही ऑफलाइन का दिसता?" काम वेळेत गेलं होतं, त्यात चूकही नव्हती. तरी दोन ते चार!

पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत २९७ बायका होत्या. पुढे १९७५ साली ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला आणि बायकांनाच प्राधान्य देणं बेकायदा ठरलं. बायकांसाठी केलेल्या कायद्यानं बायकांच्या कंपनीत पुरुष आणले. कायद्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण हसू आलंच.

या यशाच्या गोष्टीत मुलगा मात्र नुसता ओझरता येतो, आणि ते मला पटत नाही. जाइल्स १९६३चा. अडीच वर्षांचा असताना त्याचं बोलणं गेलं. ऑटिझम तीव्र होता. कंपनी उभी राहत होती ती याच वर्षांत. तो १९९८ साली पस्तिसाव्या वर्षी गेला. पुढे शर्लींचा बराच पैसा ऑटिझमच्या शाळांवर आणि संशोधनावर खर्च झाला. बाई घर आणि काम कसं छान सांभाळत होत्या वगैरे लिहिणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. घरून काम करणं ही त्यांची हौस नव्हती.

त्यांच्या धडाडीचं मूळ त्या स्वतः फार मागे नेऊन ठेवत. जन्म १९३३चा, जर्मनीत, वडील ज्यू. १९३९ साली, पाच वर्षांच्या असताना, नऊ वर्षांच्या बहिणीबरोबर त्यांना आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं. तिथं अनोळखी जोडप्यानं सांभाळलं. आपला जीव वाचवला गेला, तर तो वाचवण्याच्या लायकीचा ठरवायचा, असं त्या म्हणत. मुलींच्या शाळेत गणित नव्हतं, म्हणून परवानगी काढून मुलांच्या शाळेत जाऊन शिकल्या. अठराव्या वर्षी लंडनला डॉलिस हिलच्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी आणि संध्याकाळच्या वर्गांत गणिताची पदवी, सहा वर्षं. पाच वर्षांच्या पोरीला गाडीत बसवणाऱ्या आईचा विचार मात्र डोक्यातून जात नाहीये. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

बाईंना विनोदाचं अंगही होतं. महत्त्वाकांक्षी बाई डोक्याच्या आकारावरून ओळखता येते, म्हणायच्या. कौतुकाच्या टपल्या खाऊन खाऊन डोकं वरून चपटं झालेलं असतं. पुरुष आधी म्हणाले, कंपनी छोटी आहे म्हणून चालतेय. मोठी झाल्यावर म्हणाले, मोठी असेल, पण महत्त्वाची नाही. शेअर बाजारात गेली तेव्हा सत्तर कर्मचारी दशलक्षाधीश झाले, कारण बाईंनी आपल्या हिश्शातले शेअर आधीच त्यांच्यात वाटले होते. मग त्याच मंडळींनी म्हटलं, "शाब्बास, स्टीव्ह!"

बारा वाजून गेले. सोमवारी एक कोटेशन द्यायचंय. त्यातला तासांचा रकाना मी आत्ताच उडवलाय. गिऱ्हाईक काय म्हणतं, बघू.